जाचकांचा अक्षत लॅपटॉप

विषय : अनुग्रहाच्या अर्जासोबत सादर झालेल्या लॅपटॉपची झीज पाहणे.

संदर्भ : श्री. विक्रांत बाजीराव जाचक, राहणार फलटण, यांचा लेखी अर्ज.

उपरोक्त विषयी मठात जे बोलणे झाले ते असे.

"पण महाराज, न झिजणं हा गुण धरायचा की दोष?"

जाचकसाहेबांनी हे उभ्यानेच विचारले. बसायला पाट दिला होता.

गेनबा महाराज सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

…

वारूळवाडीच्या मठात अनुग्रह घ्यायचा, म्हणजे महाराजांकडून कानात एक शब्द घ्यायचा, तर एक रीत आहे. माणसाने आपल्या रोजच्या हाताखालची वस्तू घेऊन यायचे. गवंडी थापी आणतो, शिंपी कात्री. एक बाई पोळपाट घेऊन आल्या होत्या. तो मधोमध इतका खोल गेला होता की त्यात आमटी राहिली असती. महाराज वस्तू हातात घेतात. हात लागून लागून ती जिथे झिजली असेल तिथे अंगठा फिरवतात आणि हो किंवा नाही म्हणतात. ह्याला झीज पाहणे म्हणतात. कारण कोणी विचारत नाही. विचारले तर सांगत नाहीत.

मी सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन मठाचा पत्रव्यवहार पाहू लागल्यावर त्यात एवढीच सुधारणा केली, की आधी लेखी अर्ज. पूर्वी लोक नुसते येत. आता अर्ज करून येतात. गर्दी बरीच कमी झाली आहे.

जाचकसाहेब तंत्रनिकेतनात संगणक विभागाचे प्रमुख. 'यंत्रे कशी टिकवावीत' ह्या विषयावर गणेशोत्सवात त्यांची व्याख्याने होतात. आडनाव जाचक आहे, त्याला त्यांचा इलाज नाही. अर्जात 'आपली पात्रता' ह्या रकान्यात लोक सहसा काही लिहीत नाहीत. त्यांनी पुरवणी जोडली होती.

सोबत त्यांची मुलगी तेजल आली होती, गाडी चालवायला. ती दाराशी भिंतीला टेकून बसली होती आणि स्वतःच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर काहीतरी बडवत होती. आल्या आल्या तिने मठात रेंज आहे का ते पाहून घेतले होते. देवाला नमस्कार त्यानंतर.

जाचकसाहेबांनी पैठणीच्या काठाची पिशवी सोडली. आतून पंचा निघाला. पंच्यातून लॅपटॉप.

तो त्यांनी दोन्ही हातांवर धरून महाराजांपुढे केला. नवा जावई नारळ धरतो तसा.

"नऊ वर्षं," ते म्हणाले. "लोकांचे चार-पाच वर्षांत भंगारात जातात. ह्याच्यावर एक ओरखडा दाखवा."

महाराजांनी अडकित्ता बाजूला ठेवला. हात धोतराला पुसले. झाकणावर अंगठा फिरवला.

कुरकुर असा आवाज आला.

"हे काय वाजतंय?"

"फिल्म आहे. प्लॅस्टिकची. येताना कंपनीकडून असते."

"काढायची राहिली?"

"काढली नाही."

महाराजांनी झाकण उघडायला हात घातला. जाचकसाहेब पुढे झाले.

"कोपऱ्याला धरून नको, महाराज. मधून. दोन्ही हातांनी. एका कोपऱ्याला ओढलं की सगळा ताण एका बिजागरीवर येतो, आणि मग ती…"

महाराजांनी मधून उघडला.

आत बटणांवर दुधी रंगाचे रबरासारखे कातडे होते.

"आणि हे?"

"सिलिकॉनचं कव्हर. बटणांत धूळ जात नाही."

"मग बोट कशावर पडतं?"

"कव्हरवर."

"ते झिजत असेल."

"ते बदलतो. हे सहावं आहे." जाचकसाहेब हसले.

"आधीची पाच?"

"टाकून दिली."

"अरेरे," महाराज म्हणाले. "झीज तिकडं गेली."

दाराशी तेजलने तोंडावर ओढणी धरली.

जाचकसाहेबांना हे रुचले नाही. तेव्हाच त्यांनी तो गुण की दोष हा प्रश्न विचारला. उभ्याने.

…

महाराजांनी सुपारीचा तुकडा गालात धरला.

"बसा हो," ते म्हणाले. "मला एक सांगा. हा प्रकार साधारण टिकतो किती?"

जाचकसाहेब लगेच बसले. वक्त्याला पाटावर बसवायचे तर त्याला त्याचा विषय द्यावा.

"सरासरी चार ते पाच वर्षं. सांभाळला तर आठ. माझ्यासारख्यानं सांभाळला तर सांगता येत नाही."

"आणि मरतो कशानं?"

"उष्णतेनं. लोक गादीवर ठेवून वापरतात, खालची जाळी बंद होते, वारा खेळत नाही. आत पंखा असतो, त्याला श्वास लागतो. मी कधी गादीवर ठेवला नाही. बॅटरीचंही तसंच. रात्रंदिवस वायर लावून शंभर टक्के भरून ठेवली की ती फुगते. आमच्या विभागात एकाची इतकी फुगली की लॅपटॉप टेबलावर डुलायचा. मी चाळीसच्या खाली जाऊ देत नाही, ऐंशीच्या वर जाऊ देत नाही."

"मधेच ठेवता."

"मधेच."

"बुद्धाला बरं वाटलं असतं."

"शिवाय चहा," जाचकसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज व्याख्यानाच्या पट्टीत गेला होता. "लॅपटॉपशेजारी चहाचा कप म्हणजे हातानं लावलेली आग. आमच्या घरात हा असतो त्या खोलीत चहा जात नाही. पाणीही नाही. माणसंसुद्धा विचारून जातात."

"हे मात्र खरं," तेजल दारातून म्हणाली.

महाराजांनी तिच्याकडे पाहिले.

"तुझा बघू."

ती उठली. एका हाताने, पडद्याचा कोपरा धरून, लोंबकळता आणला. जाचकसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

तिच्या लॅपटॉपचा एक कोपरा फुटला होता आणि त्याला इन्शुलेशनची पट्टी मारली होती. झाकणावर द्राक्षाच्या औषधाच्या कंपनीचा स्टिकर होता. बटणांवरची काही अक्षरे पार पुसली होती आणि एक बटण नव्हतेच. तिथे तिने शर्टाचे चिकटवले होते.

महाराजांनी अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"किती वर्षं?"

"चार. सेकंडहँड घेतला, त्याच्या आधीची मला माहीत नाहीत. जिन्यावरून पडलाय, गाडीवरून पडलाय. एकदा मांजरानं पाडला." तिचा स्वर ऐकण्यासारखा होता. सैनिक जखमा सांगतो तसा. "तरी एक दिवस बंद नाही."

"पडल्याचंही मिरवतेस."

"मग? पप्पा न पडल्याचं मिरवतात."

"तेजल," जाचकसाहेब म्हणाले.

"हिचा अर्ज आहे का?" महाराजांनी मला विचारले.

मी नाही म्हणून सांगितले.

"मला नको, महाराज," ती म्हणाली. "मला लॅपटॉप द्या परत. संध्याकाळपर्यंत काम पाठवायचंय."

महाराजांनी दिला. ती जागेवर गेली आणि पुन्हा बडवू लागली.

…

"आता हा चालू करा," महाराज म्हणाले.

जाचकसाहेबांनी लॅपटॉप जवळ ओढला.

"चालू?"

"झीज बाहेरून दिसत नाही. आतून असेल."

"आत्ता बॅटरी…"

"चाळीसच्या खाली तुम्ही जाऊ देत नाही."

जाचकसाहेबांनी बटण दाबले.

पडदा उजळला. खाली कुठेतरी आवाज सुरू झाला. जात्यात खडा यावा तसा. हळूहळू तो वाढला. सभामंडपातले कबूतर उडाले. मग पडदा काळा झाला आणि आवाज बंद पडला.

"झोपला?" महाराजांनी विचारले.

"तापला. फार तापलं की तो स्वतःला बंद करतो. तशी योजनाच असते. सुरक्षिततेसाठी."

"असं कधीपासून?"

"वापरावर आहे."

"पप्पा," तेजल मान वर न करता म्हणाली, "वापर नाही म्हणून कळत नाही. व्याख्यानाला कॉलेजचा लॅपटॉप चालवतात, महाराज. हा नुसता शेजारी ठेवतात. टाळ्या ह्यालाच पडतात."

जाचकसाहेबांचे कान लाल झाले. ते पंच्याची घडी घालू लागले.

"घरात कोण कोण वापरतं?"

"मी."

"ही?"

"हिला मोबाईल घेऊन दिला होता. लॉकडाउनमध्ये. चांगला होता."

"बारावी मी मोबाईलवर केली," तेजल म्हणाली. तक्रार नव्हती. हवामान सांगावे तसे सांगितले. "एवढ्याशा पडद्यावर आकृत्या. त्या वर्षी चष्मा लागला."

"वायफाय मीच घेतलं होतं," जाचकसाहेब म्हणाले.

…

तेजलची बोटे थांबली होती.

"उघडा," महाराज म्हणाले.

"उघडलेलाच आहे."

"खालून."

जाचकसाहेबांनी लॅपटॉप उताणा केला. पाठीवरच्या एका स्क्रूवर छोटे गोल कागदी सील होते. त्यांनी त्यावर बोट ठेवले.

"हे तुटेल. वॉरंटीचं आहे. हे तुटलं की वॉरंटी संपते."

"वॉरंटी किती वर्षांची होती?"

"…एक."

"मग संपली."

"हो. पण सील शाबूत आहे."

ह्यावर मला, चाळीस वर्षांच्या कचेरीच्या अनुभवानंतर, हसायला तोंड नव्हते. आम्ही रद्द झालेल्या योजनांची कपाटे लाखबंद करून ठेवलेली आहेत.

"व्याख्यानात काय सांगता?" महाराजांनी विचारले. "उघडावा की नाही?"

"वर्षातून एकदा उघडून साफ करावा."

"बरोबर सांगता."

जाचकसाहेब पाहत राहिले. मग त्यांनी मुलीकडे न बघता हात मागे केला. तेजलने पिशवीतून पेनाएवढा पेचकस काढून त्या हातावर ठेवला.

सील तुटले तेव्हा आवाज काही झाला नाही. ते मात्र दचकले.

दुसऱ्या स्क्रूला त्यांचा हात घसरला आणि पाठीवर एक पांढरी रेघ उमटली. त्यांनी ती थुंकी लावून पुसून पाहिली. गेली नाही. पाठ निघेना तेव्हा ते पेचकसाचे टोक फटीत घालू लागले.

"पप्पा, टोक नको. नख लावा. इथून." तेजल शेजारी येऊन बसली होती. मोबाईलचा उजेड तिने धरला.

पाठ निघाली.

आत धूळ नव्हती. हे लिहिले पाहिजे. नऊ वर्षांचे यंत्र आणि धूळ नाही. जाचकसाहेब खोटे बोलले नव्हते. पण पंख्याच्या गोल घरात लालपिवळा लगदा बसला होता आणि त्यात काहीतरी रुतलेले होते.

जाचकसाहेबांनी ते नखाने खरवडून तळहातावर घेतले. वास घेतला.

"कुंकू," ते म्हणाले. आवाज एकदम लहान झाला होता. "आणि हे… तांदूळ."

"तांदूळ?" महाराज म्हणाले.

"अक्षता. खंडेनवमीला ह्याची पूजा करतो. दरवर्षी."

"करावी. आपलं हत्यार आहे. कुठं वाहता अक्षता?"

"मधोमध. बिजागरीपाशी. पूजा मधोमध करतात ना…" ते थांबले. बिजागरीपाशीच वारा बाहेर जायच्या फटी असतात. हे व्याख्यानात येते.

"नंतर ब्रशनं झटकतो," ते म्हणाले. "आंबेमोहोर घेतो. बारीक. स्वतः निवडतो. तुटका दाणा एक येऊ देत नाही."

"का?"

"अक्षता म्हणजे अ-क्षत. न तुटलेला. तुटका दाणा पूजेला चालत नाही."

महाराजांनी त्यांच्या तळहातावरून एक कण उचलला. पंख्याच्या पात्याने त्याचे दोन तुकडे केले होते.

"मग ही अक्षता की नाही?"

"…नाही."

"काय आहे?"

जाचकसाहेबांनी तळहात उजेडाकडे धरला.

"कणी," तेजल म्हणाली.

"कणी." महाराजांनी तो तुकडा जिभेवर टाकला. "आजारी माणसाला कणीचीच पेज देतात. अख्ख्या तांदळाची उतरत नाही."

जाचकसाहेब लॅपटॉपकडे पाहत होते. मला वाटले आता रडतील. तेही नाही. त्यांनी खिशातला रुमाल काढला, इस्त्रीचा, त्याचे टोक पिळून पंख्याच्या पात्यापात्यातून फिरवले. हे त्यांना उत्तम येत होते. रुमाल लाल झाला तो त्यांनी पाहिलाही नाही. दोन चमचे भरतील एवढा ऐवज निघाला. त्यात आपट्याच्या पानाचा एक तुकडाही होता. तेजल म्हणाली, सोनं.

पाठ बसवून त्यांनी बटण दाबले.

पंख्याचा आवाज आला असे म्हणता येणार नाही. कान जवळ नेला तर कळे. पडदा उजळला आणि उजळलेलाच राहिला. महाराजांची सुपारी संपली तरी राहिला.

"बघा," जाचकसाहेब म्हणाले. छाती पुन्हा मूळच्या जागी आली. "अजून पाच वर्षं सहज. लिहून देतो."

"मी बघू?" तेजलने विचारले.

त्यांनी पासवर्ड टाकला. मग पाटावरून थोडे सरकले.

तिने मांडी घातली, लॅपटॉप जवळ ओढला आणि टाइप करून पाहिले. मग थांबून सिलिकॉनचे कव्हर सोलून काढले आणि पाटाखाली टाकले. खालची बटणे काळीभोर होती, सगळी अक्षरे ठळक. तिला अशा बटणांची सवय नसावी. ती सावकाश बोटे ठेवत होती.

जाचकसाहेब छताकडे पाहत होते. छतावर पाहण्यासारखे काही नाही.

…

"मग महाराज," थोड्या वेळाने ते म्हणाले, "अर्जाचं?"

"झीज नाही."

"सील तुटलं आज."

"तुटलं."

"ओरखडाही पडला. हा बघा. पाठीवर." त्यांनी मुलीच्या मांडीवरचा लॅपटॉप उचलून उलटा केला आणि महाराजांपुढे धरला. मघाशी धरला होता तसाच, दोन्ही हातांवर. मघापेक्षा अभिमानाने.

महाराजांनी रेघेवर अंगठा फिरवला.

"ताजा आहे," ते म्हणाले.

जाचकसाहेबांचा चेहरा उतरला. मग चढला. त्यांना राग येताना मी पहिल्यांदा पाहिले. तो त्यांना बरा दिसत होता.

"महाराज, राग मानू नका. तुम्ही सगळ्यांच्या वस्तू पाहता. तुम्ही स्वतः अनुग्रह मागायला आलात तेव्हा काय घेऊन आला होतात?"

असे कोणी विचारत नाही. मी पेन खाली ठेवले.

"पंच," महाराज म्हणाले.

महाराज पूर्वी एस. टी.त कंडक्टर होते. तिकिटाला भोक पाडायचा चिमटा, त्याला पंच म्हणतात.

"गादीवर थोरले महाराज होते तेव्हा. दहिवडीची गाडी होती माझ्याकडं. पंच असा झिजला होता की हातात धरला तर साबण धरल्यासारखा. खांद्यावरून मिरवत आणला मी. म्हटलं, ह्याच्याएवढी झीज कुणाची नसंल."

"आणि?"

"थोरल्यांनी अंगठा फिरवला. म्हणाले, वा. मग खिशातनं एक कागद काढला, त्यात घातला, दाबला." महाराजांनी दोन बोटे मिटून दाखवली. "भोक पडलं नाही. तोंडही झिजलं होतं."

"मग?"

"म्हणाले, बघू."

"आणि?"

"आणि गेले. त्याच थंडीत."

जाचकसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्याकडे पाहिले. ही बाब माझ्याही माहितीत नव्हती.

"म्हणजे तुम्हाला अनुग्रह…"

"नाही."

"मग गादीवर कसे बसलात?"

"झाडायला म्हणून बसलो होतो. कुणी उठवलं नाही."

…

तेजल हसली. पहिल्यांदाच ओढणी न धरता.

जाचकसाहेब हसले नाहीत. पण ते पाटावर ताठ झाले. त्यांच्या डोक्यात काय चालले ते स्पष्ट दिसत होते : ज्या गोष्टीसाठी आपण आलो ती ह्या माणसालाही मिळालेली नाही. ह्यात खचण्यासारखे काही नव्हते. उलट, आता एका रांगेत बसण्यासारखे होते.

"मग आपण दोघंही एकाच ठिकाणी आहोत, महाराज," ते म्हणाले. शक्य तितक्या नम्रपणे. फारसे शक्य झाले नाही.

"तसंच दिसतंय. भाऊसाहेब, ह्यांचा अर्ज कुठं ठेवला?"

"प्रलंबितमध्ये," मी म्हणालो.

"माझाही लिहून घ्या. माझा तोंडीच राहिला होता."

मी कोरा अर्ज काढला. अर्जदाराचे नाव, गेनबा खुडे. वस्तू, पंच. पात्रतेचा रकाना आला तेव्हा त्यांनी हात हलवला. मी आडवी रेघ मारली.

"तारीख थोरल्यांच्या वेळची टाका," ते म्हणाले.

"मागील तारखेनं अर्ज दाखल करता येत नाही, महाराज."

"येत नाही?"

"नाही. अर्ज ज्या दिवशी मिळाला ती तारीख. आणि त्याप्रमाणे क्रमांक."

"म्हणजे ह्यांचा आधी?"

मी जाचकसाहेबांचा अर्ज पाहिला. तो गेल्याच आठवड्यात आला होता. नियम नियम आहे. मीच केलेला आहे.

"ह्यांचा आधी," मी म्हणालो.

जाचकसाहेबांनी खाकरून घसा साफ केला. शर्ट सारखा केला. वारूळवाडीच्या मठाचे महाराज आपल्या मागच्या क्रमांकावर आहेत, ही गोष्ट फलटणला कशी सांगायची, ह्याची जुळवाजुळव त्यांच्या चेहऱ्यावर सुरू झाली होती. व्याख्यानात ती कुठे बसवावी हेही बहुधा ठरत होते.

"आणि क्रमांक डावलून मागचा अर्ज पुढं घेता येतो का?" महाराजांनी मला विचारले.

"येत नाही. आधीच्याचा निकाल लागल्याशिवाय पुढचा काढता येत नाही."

"ऐकलंत?"

जाचकसाहेबांनी मान डोलावली. अजून त्यांच्या लक्षात आले नव्हते.

महाराजांनी अडकित्ता उचलला. नवी सुपारी धरली. कातरता कातरता, फारसे महत्त्वाचे नसावे अशा आवाजात म्हणाले,

"मग जाचकसाहेब, जरा लवकर झिजा. मी तुमच्या मागं उभा आहे."

आजअखेर दोन्ही अर्ज प्रलंबित आहेत.